बॉयलर काहीही खाईल, पण वाढणार कोण?

मागच्या अंकात राखेच्या विटांबद्दल लिहिताना मी ओघात एक वाक्य टाकलं होतं: कोळशाच्या बॉयलरमध्ये पऱ्हाटीसुद्धा (कापूस वेचल्यावर उरणारी कपाशीची वाळकी झाडं) जळते. त्या वाक्यावर सव्वीस पत्रं आली. बत्तीस वर्षांच्या पावरहाऊसच्या नोकरीत मला मेमो धरूनही एवढी पत्रं आली नव्हती. त्यातली पाच इथे घेतली आहेत. ज्यांनी नुसतं "छान लिहिता" असं लिहिलं त्यांचे आभार, आणि ज्या गृहस्थांनी माझं शुद्धलेखन तपासून लाल शाईत परत पाठवलं त्यांचे जास्त.

साहेब, माझी नऊ एकर कोरडवाहू कपाशी आहे. दरवर्षी पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर पेटवतो. यंदा एक व्यापारी आला. म्हणतो, पावरहाऊसला पऱ्हाटी लागते, वाळवून आमच्या केंद्रावर आणून टाका, टनाला दोन हजार देतो. उपटायलाच एकरी दीड हजार मजुरी जाते. हे खरं आहे की बनवाबनवी?
— एक शेतकरी, घाटंजी (जि. यवतमाळ)

भाऊ, मागणी खरी आहे. उत्तरेत भाताची पराळी जाळण्यावरून दरवर्षी दिल्लीचा श्वास कोंडतो. त्यातून दिल्लीजवळच्या दादरीच्या औष्णिक केंद्रात 2017 साली कोळशात पराळीचे पेलेट मिसळायला सुरुवात झाली. मग 8 ऑक्टोबर 2021 ला केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं धोरणच काढलं, की कोळशाच्या केंद्रांनी किमान पाच टक्के तरी शेतातला काडीकचरा जाळावा. तेव्हा व्यापारी हवेतलं बोलत नाही.

पण पावरहाऊस पऱ्हाटी घेत नाही, पेलेट घेतं. पऱ्हाटी बारीक करायची, वाळवायची, तिचा भुसा करायचा आणि तो साच्यातून दाबून करंगळीएवढ्या कांड्या पाडायच्या. तुमच्या आणि पावरहाऊसच्या मध्ये हा एक कारखाना आहे, आणि तुमचा व्यवहार त्याच्याशी आहे. तो कारखाना कुठे आहे, चालू आहे की नुसता बोर्ड लागलाय, हे आधी स्वतः जाऊन बघून या. एखाद्या दिवशी सकाळी गाडी काढा. कारखाना चालू असेल तर लांबूनच भुसा उडताना दिसेल.

आता हिशेब. कोरडवाहू कपाशीत वाळलेली पऱ्हाटी एकरी टनाच्या आत-बाहेर निघते. नऊ एकरांचे नऊ टन, म्हणजे अठरा हजार रुपये. उपटणीची मजुरी यातून वजा करू नका, ती पेटवायची असली तरी जातेच. वजा करायचं ते वाहतुकीचं भाडं. पऱ्हाटी हा फुगीर माल आहे, ट्रॉलीत डोंगर दिसतो आणि काट्यावर एक टन भरत नाही. नऊ-दहा खेपा धरा. केंद्र गावालगत असेल तर चार पैसे सुटतील, पण तीस किलोमीटरवर असेल तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणून व्यापाऱ्याला सांगा, श्रेडर माझ्या वावरात आण, इथेच कुट्टी कर आणि इथेच वजन कर. भाव थोडा कमी दिला तरी चालेल. दुसरं, ओलाव्याचं आधीच ठरवा. ताज्या उपटलेल्या पऱ्हाटीत तिसरा हिस्सा तरी पाणी असतं. "ओली आहे" म्हणून काट्यावर कापाकापी होते आणि भांडणं तिथूनच सुरू होतात.

बोंडअळीचंही लक्षात असू द्या. व्यापारी आज येतो, उद्या येतो करत पऱ्हाटीची गंजी धुऱ्यावर मे महिन्यापर्यंत पडून राहिली, तर उरलेल्या बोंडांतली गुलाबी अळी पुढच्या हंगामाची वाट बघत तिथेच बसते. डिसेंबर-जानेवारीत फरदड (वेचणीनंतर लांबवलेलं कपाशीचं पीक) न घेता वावर मोकळं करा आणि माल लगेच कुट्टी होऊन जाऊ द्या. कुट्टीत अळी वाचत नाही.

आणि सगळीच पऱ्हाटी विकू नका. तिच्यात तुमच्या जमिनीतला पालाश (पोटॅश) असतो. पावरहाऊसला गेला की तो राखेच्या तळ्यात जातो, आणि मग तोच पालाश तुम्ही कृषी केंद्रातून गोणीत विकत आणता. तीन-चार वर्षांतून एकदा तरी कुट्टी करून मातीत जिरवा. पुढच्या पत्रात दिसेल, तुमच्या मातीला हवा असलेला हा पालाश आमच्या बॉयलरला मात्र अजिबात नको असतो.

सर, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गटाचा प्रोजेक्ट आहे: 210 मेगावॉटचं जुनं कोळशाचं युनिट शंभर टक्के बायोमासवर नेणे. बॉयलरमध्ये नेमके कोणते बदल करावे लागतील?
— एक विद्यार्थिनी, अमरावती

बेटा, प्रश्न बॉयलरपासून सुरू केलास तिथेच थोडी घाई झाली. सुरुवात कोळसा साठवायच्या यार्डातून कर.

कोळसा जुलैच्या पावसात उघड्यावर पडलेला असतो. ओला होतो, खाली घसरवायच्या चुटमध्ये चिकटतो, आम्ही शिव्या देत हातोडे मारतो, पण तो कोळसाच राहतो. पेलेट भिजला की सरकीची ढेप पाण्यात घातल्यासारखा फुगतो आणि त्याचा लगदा होतो. निवृत्तीच्या आदल्या पावसाळ्यात आमच्याकडे पाच टक्के मिसळायची चाचणी होती. दोन ट्रक पेलेट ताडपत्रीखाली ठेवले होते आणि ताडपत्री फाटकी होती. मिलच्या वरच्या कोठीत, म्हणजे बंकरमध्ये, त्याचा जो गोळा बसला, तो काढायला चार माणसं दीड दिवस बांबूनं टोचत होती. म्हणजे पहिला खर्च छपराचा, माल वाहणाऱ्या झाकलेल्या पट्ट्यांचा आणि बंद कोठारांचा.

कोठार म्हटलं की आग आली. पेलेटचा ढीग आतून तापतो. इंग्लंडमध्ये टिलबरी इथलं केंद्र कोळशावरून लाकडी पेलेटवर नेलं, आणि फेब्रुवारी 2012 मध्ये तिथे साठवलेल्या पेलेटनाच मोठी आग लागली. आगीपेक्षा वाईट गोष्ट दिसत नाही: पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. 2006 साली स्वीडनच्या हेल्सिंगबोर्ग बंदरात पेलेटच्या जहाजात जिन्यानं खाली उतरलेला खलाशी याच वायूनं गेला. तुमच्या रिपोर्टमध्ये कोठाराच्या दारावर वायू मोजायचं यंत्र दाखवलं नसेल, तर माझ्याकडून शून्य मार्क.

आता मिल. आपल्या बाउल मिलमध्ये कोळसा दळला जातो आणि अडीचशे अंशांच्या पुढची गरम हवा त्याला वाळवत बर्नरकडे नेते. कोळसा ठिसूळ, चेपला की फुटतो. लाकूड तंतूंचं, ते फुटत नाही, फाटतं. शिवाय आपल्या कोळशात उडून जाणारा ज्वलनशील भाग वीस-पंचवीस टक्के, काडीकचऱ्यात सत्तरच्या आसपास. त्यामुळे कोळशाला जी हवा वाळवते, ती याला पेटवते. त्याच चाचणीत एका पाळीला पट्ट्यावर मिश्रण नीट झालं नाही आणि एका मिलमध्ये नुसत्या पेलेटचा लोंढा गेला. मिलच्या तोंडाचं तापमान ऐंशीवरून शंभरच्या वर सरकलं आणि मिलच्या मजल्यावर लाह्या भाजल्यासारखा वास आला. वास छान होता, आमची तोंडं मात्र पांढरी पडली होती. वाफ सोडून मिल बंद केली. शंभर टक्के करायचं तर मिलला थंड हवा, स्फोट दाबायची सोय आणि नवे बर्नर, हे सगळं आलंच.

आणि मग तो पालाश. काडीतला पालाश आणि क्लोरीन भट्टीत वाफ होऊन वर जातात आणि वाफ आणखी तापवणाऱ्या सुपरहीटरच्या नळ्यांवर काचेसारखा लेप धरतात. नळ्यांवरची राख उडवणारे सूट ब्लोअर कितीही मारा, तो निघत नाही. नळ्या खालून कुरतडल्या जातात, मग ट्यूब लिकेज, मग युनिट बंद. पाच टक्क्यांत हे जाणवत नाही, कारण आपल्या कोळशाची राखच इतकी की ती पालाशाला गिळून टाकते. एरवी आम्ही ज्या राखेला कोसतो, ती इथे उपयोगी पडते. डेन्मार्कच्या लोकांनी आरहूसजवळच्या स्टुडस्ट्रुप केंद्रात कोळशाबरोबर गव्हाचं काड जाळून हे सगळं भोगलंय. तिकडे काड पावसात धुऊन राखाडी पडलं की जास्त आवडीनं घेतात, कारण पावसानं पालाश आणि क्लोरीन बरंच वाहून गेलेलं असतं. तेच स्टुडस्ट्रुपचं तिसरं युनिट 2016 मध्ये पूर्ण बायोमासवर नेलं, ते मात्र मुख्यतः लाकडी पेलेटवर. लाकडात पालाश कमी आणि राख टक्का-अर्धा टक्का. शंभर टक्के रूपांतराची जी मोठी उदाहरणं तुला इंटरनेटवर सापडतील, ती बहुतेक लाकडाची आहेत. पऱ्हाटी-तुराटीची नाहीत.

बॉयलरचं झालं. आता तो विषय, जो तुझ्या पत्रात नाहीच. 210 मेगावॉटचं युनिट पूर्ण भारावर आपला कोळसा दिवसाला सव्वातीन-साडेतीन हजार टन खातं. बंद-चालू, कमी भार धरून वर्षाला दहा लाख टन म्हण. आपला कोळसा राखेनं इतका भरलेला की चांगल्या पेलेटची उष्णता त्याच्या बरोबरीची येते, म्हणजे पेलेटही दहा लाख टनच. पऱ्हाटी एकरी एक टन. दहा लाख एकर! अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशी असते साधारण साडेचार लाख हेक्टर, म्हणजे अकरा लाख एकर. एका जुन्या, मध्यम युनिटला अख्ख्या यवतमाळची पऱ्हाटी, आणि तीही डिसेंबर ते फेब्रुवारीत गोळा करून वर्षभर कोरडी ठेवायची. चंद्रपूरचं केंद्र 2920 मेगावॉटचं आहे, त्याचा हिशेब तूच कर.

तुझ्या मापाचं खरं उदाहरण कॅनडात आहे. ओंटारियो प्रांतातलं अ‍ॅटिकोकन, 205 मेगावॉट. आधी लिग्नाइट (तपकिरी कोळसा) जाळायचं, 2014 मध्ये 17 कोटी डॉलर खर्चून पेलेटवर आणलं. बॉयलर तोच ठेवला. पण पेलेटचे करार केले वर्षाला 90 हजार टनांचे. दहा लाखांसमोर हा आकडा ठेव म्हणजे कळेल: ते युनिट रोज रेटायला नाही, मागणी चढली की लावायला ठेवलंय. तुमच्या गटानं असं काही मांडलं तर मी तुमच्या तोंडी परीक्षेला स्वखर्चानं येईन.

काका, नमस्कार. मी लीड्सला राहते. सेल्बीकडे जाताना ड्रॅक्स वीजकेंद्राचे कूलिंग टॉवर आणि लाकडी पेलेटच्या बंद डब्यांच्या मालगाड्या दिसतात. माझे बाबा परळीला थर्मलमध्ये होते, त्यामुळे असे टॉवर दिसले की घर आठवतं. इथे काही जण म्हणतात ही हरित वीज, काही म्हणतात जंगलतोड. तुम्हाला काय वाटतं?
— एक वाचक, लीड्स

ताई, परळीच्या माणसाची मुलगी म्हणजे आमच्याच घरातली, तेव्हा मोकळेपणानं लिहितो.

ड्रॅक्स हे कोळशाच्या उशाशी बांधलेलं केंद्र. पहिला अर्धा भाग 1974 चा, दुसरा 1986 पर्यंतचा. 660 मेगावॉटची सहा युनिटं. आजूबाजूला सेल्बीच्या खाणी. त्या बंद पडल्या, शेजारची केलिंगलीची खाण डिसेंबर 2015 मध्ये बंद झाली, आणि केंद्र तिथेच राहिलं. 2013 ते 2018 मध्ये सहापैकी चार युनिटं लाकडावर नेली, उरलेली दोन मग बंद केली. इंजिनिअर म्हणून मी टोपी काढतो. पन्नास मीटर उंच चार घुमट, चारही मिळून तीन लाख टन पेलेट कोरडे राहतात, आग धरू नये म्हणून आत नायट्रोजन. आमच्या फाटक्या ताडपत्रीची आठवण येऊन मला ते फोटो बघवत नाहीत.

पण तिथे खायला घालायचं काय, तर वर्षाला साठ-सत्तर लाख टन पेलेट, आणि त्यातला मोठा भाग अमेरिकेच्या दक्षिणेकडून, लुइझियाना-मिसिसिपीकडून, जहाजानं. खाणीवर बांधलेल्या केंद्राचं जेवण समुद्रापलीकडून येतं.

आता हरित की कसं? धुराड्याच्या तोंडाशी मोजलं तर एका युनिट विजेमागे लाकूड कोळशापेक्षा थोडा जास्तच कार्बन डायऑक्साइड सोडतं. तरी कागदावर शून्य लिहितात, कारण आंतरराष्ट्रीय हिशेबात तो खर्च झाड तोडलं तिथे, जमिनीच्या खात्यावर मांडायचा असतो. नियम म्हणून यात चोरी नाही. पण झाड परत तेवढं वाढायला काही दशकं लागतात आणि पेलेटचा भुसा जळायला दोन सेकंद. घाटंजीच्या पऱ्हाटीचं तसं नाही. ती धुऱ्यावर या महिन्यात जळणारच होती आणि पुढच्या वर्षी तेवढीच पुन्हा उगवणार. लाकडातही करवतीचा भुसा आणि फांद्या वेगळ्या आणि उभं खोड वेगळं. म्हणून माझा प्रश्न एकच असतो: जाळलं नसतं तर या काडीचं काय झालं असतं? याचं उत्तर कागदपत्रांत नीट हवं, आणि गाडी तिथेच अडली आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये कॅनडातल्या लाकडाच्या नोंदी धड न ठेवल्याबद्दल तुमच्या वीज नियामकापुढे कंपनीनं अडीच कोटी पौंड भरायचं कबूल केलं. फेब्रुवारी 2025 मध्ये सरकारनं 2027 ते 2031 साठी नवा करार जाहीर केला: अनुदान निम्म्यावर, आणि केंद्र पूर्ण क्षमतेच्या 27 टक्क्यांपर्यंतच चालवायचं. म्हणजे तुमच्या सरकारलाही ते आता अ‍ॅटिकोकनसारखं, गरजेपुरतं वापरायचं आहे. मला हे शहाणपणाचं वाटतं. दहा वर्षांपूर्वी केलं असतं तर जास्त शहाणपणाचं वाटलं असतं.

बाबांना माझा नमस्कार सांगा.

आमच्या घरावर रोज राख बसते. वाळत घातलेले कपडे दोनदा धुवावे लागतात. पेलेट जाळल्यावर राख कमी होईल ना?
— एक गृहिणी, कोराडी परिसर

ताई, खोटी आशा लावत नाही. हजार टन कोळशातून साडेतीनशे-चारशे टन राख निघते. त्यातल्या पन्नास टनांच्या जागी पेलेट आले तर राख पंधरा टनांनी कमी होईल. तुमच्या दोरीवर हा फरक दिसायचा नाही. तो दिसेल ईएसपीची (धुरातली राख विजेनं पकडणाऱ्या यंत्राची) सगळी फील्ड, म्हणजे कप्पे, चालू असली तर, आणि तळ्यातली वाळलेली राख उन्हाळ्यात पाणी मारून दाबून ठेवली तर. तक्रार लिहाल तेव्हा या दोन गोष्टींची नावं घेऊन लिहा. "प्रदूषण होते" असं मोघम लिहिलेलं पत्र फायलीत झोपतं. "अमुक तारखेला रात्री इतक्या वाजता धुराड्यातून काळा लोट होता, तेव्हा कोणती फील्ड बंद होती?" असं विचारलेल्या पत्राला कोणीतरी उत्तर द्यावंच लागतं. मी दिलेली आहेत.

आम्ही बायका मालकाच्या वावरातून पऱ्हाटी सरपणाला आणतो. सिलिंडर आहे, पण भरून आणायला परवडत नाही. वर्षाचं जळण पऱ्हाटीवरच निघतं. आता व्यापारी येतो म्हणतात. मग आम्ही काय जाळावं? (हे पत्र मुलाच्या हातून लिहून घेतलेलं आहे.)
— एक शेतमजूर, केळापूर तालुका

माय, हे पत्र मी तीनदा वाचलं. बायोमासवरचे जेवढे अहवाल माझ्या हाताखालून गेले, त्या सगळ्यांत पऱ्हाटीला "शिल्लक अवशेष" म्हटलेलं असतं. कोणाच्या चुलीतून शिल्लक, ते लिहिलेलं नसतं. मीही वर एकरी एक टन धरून दहा लाख एकरांचा हिशेब मांडला, त्यात तुमचे भारे वजा केले नाहीत. ती माझी चूक. अमरावतीच्या मुलीनं हिशेब करताना ते वजा करावेत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इंजिनिअरकडे नाही, मालकाकडे आहे. व्यापारी वावरात यायच्या आधी, उपटणीची मजुरी ठरते त्याच दिवशी, सगळ्या जणींनी मिळून सांगा की मजुरीबरोबर घरटी एक ट्रॉली पऱ्हाटी आमची. काट्यावर एक ट्रॉली म्हणजे टनाला थोडी कमी, मालकाचे जवळपास दोन हजार रुपये. तो कुरकुर करेल. तेव्हा त्याला सांगा की केंद्रापर्यंतच्या खेपेचं भाडं वाचतंय. घाटंजीच्या भाऊंनाही मी वेगळं पत्र टाकलं आहे, की नऊ टनांतले दोन टन घरच्या आणि उपटणाऱ्यांच्या चुलीला ठेवून मगच व्यापाऱ्याशी बोला. त्यांचं उत्तर आलं की पुढच्या अंकात छापतो.